खाली की बाहेर

आमच्या गॅरेजच्या जमिनीत एक खड्डा आहे. टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा वाऱ्याचा भोवरा, आला तर लपायला. पोलादी पेटीचा, साडेचार फूट खोल. आत समोरासमोर दोन अरुंद बाकं आणि वर सरकवायचं झाकण. चार माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढीच जागा. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटर गावात घर घेतल्यावर आम्ही केलेला पहिला मोठा खर्च हाच. जानेवारी २०२५ मध्ये माझी आई यवतमाळहून सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा घर दाखवताना मी तिला सगळ्यात आधी हा खड्डा दाखवला.

"फोन जोरात किंचाळला की काही विचारत बसायचं नाही. पायात चप्पल घालायची, ही पिशवी उचलायची आणि इथे उतरायचं."

पिशवीत पासपोर्ट, तिच्या बीपीच्या गोळ्या, पाण्याच्या बाटल्या, बॅटरी आणि एक शिटी. शिटी कायले, तिने विचारलं. वर घर पडलं आणि झाकण उघडेना तर बाहेरच्यांना आवाज जावा म्हणून, मी सांगितलं. आई बराच वेळ हातातल्या त्या शिटीकडे बघत राहिली.

मग सराव. माझी नऊ वर्षांची मुलगी आजीची मास्तरीण झाली. "आजी, अजून लवकर उतर." आईचे गुडघे दुखतात, तरी ती न कुरकुरता चार-पाच वेळा उतरली आणि चढली. हे इतकं तपशिलात सांगतेय, कारण १४ मार्चच्या शुक्रवारी फोन खरोखर किंचाळला तेव्हा आई शिकवल्याबरहुकूम वागली, आणि तेच चुकीचं होतं. तिचा दोष नव्हता. मी तिला अर्धंच शिकवलं होतं.

आम्ही २०२१ च्या ऑगस्टमध्ये इथे आलो. नवऱ्याला विद्यापीठात काम मिळालं होतं. वादळ म्हणजे काय हे मला माहीत आहे असं मला वाटायचं. विदर्भात वाढलेल्या माणसाला अवकाळी पाऊस, गारपीट, उडालेली टिनं नवीन नसतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात महाराष्ट्रभर जी गारपीट झाली, तिने आडवा झालेला गहू मी आमच्या वावरात उभी राहून पाहिलाय. पण इथल्या पहिल्या वसंतात माझ्या लक्षात आलं, की इथे लोक आभाळाकडे वेगळ्याच सवयीने बघतात. किराणा दुकानातली बाई सुटे पैसे देता देता सहज म्हणते, "गुरुवारी दुपारी चारनंतर घरीच राहा." आज सोमवार असतो.

त्यांना ते कळतं कुठून? आमच्यापासून दीड तासावर नॉर्मन गाव आहे. अख्ख्या देशासाठी वादळांचे आणि वणव्याच्या हवामानाचे अंदाज तयार करणारं केंद्र तिथे आहे. तिथून आठ दिवस आधीपर्यंतचे नकाशे निघतात. धोक्याच्या पायऱ्या पाच: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट, हाय. इथे नव्याने येणारा प्रत्येक जण या नावांत फसतो, मीही फसले. मॉडरेट म्हणजे मध्यम, असं समजून मी पहिल्या वर्षी मुलीला बागेत खेळायला घेऊन गेले होते. मॉडरेट ही पाचातली चौथी पायरी. त्या दिवशी बागेत आमच्याशिवाय कोणीही नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे, की या शब्दांपेक्षा सरळ एक ते पाच आकडे सांगणं बरं. टीव्हीवर हल्ली तसं सांगतातही.

२०२३ च्या फेब्रुवारीत मी स्कायवॉर्नच्या, म्हणजे वादळं ओळखून कळवायला शिकवणाऱ्या वर्गाला गेले. हवामान खात्याचे लोक गावोगाव संध्याकाळी येऊन हा वर्ग घेतात. फुकट असतो, कोणीही जाऊन बसावं. सभागृहात शेतकरी होते, अग्निशमन दलाचे स्वयंसेवक होते, हॅम रेडिओवाले म्हातारे होते, आणि साडी नसली तरी कुंकवामुळे चटकन ओळखू येणारी मी एकटी. दोन तासांत जे शिकवलं, ते मला आजवर कुठल्या वर्गाने दिलं नाही. वादळी ढगाचा पाऊस नसलेला, सपाट, काळा तळ कसा ओळखायचा. त्या तळातून खाली उतरलेली ढगाची भिंत आणि वाऱ्यापुढे पळणारी ढगाचीच फळी यांतला फरक काय: फळी दिसायला भयानक, पण टोर्नेडो जन्मतो तो भिंतीतून, आणि तीही स्वतःभोवती फिरत असली तर. गारेचा आकार कळवताना नाण्याचं किंवा चेंडूचं माप सांगायचं, 'मोठी गार' म्हणायचं नाही. एक इंच व्यासाची गार किंवा ताशी ५८ मैलांचा वारा, इथून पुढे वादळ 'तीव्र' धरतात.

हवामान खात्याच्या 'वॉच' आणि 'वॉर्निंग' या दोन इशाऱ्यांतला फरक मी आईला नंतर फोनवर सांगितला. तिने तो एका दमात तिच्या भाषेत केला: "म्हंजे वॉच म्हणजे आभाळ भरून आलं, अन् वॉर्निंग म्हणजे थेंब पडला." अगदी तेच.

वर्गात त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. ओक्लाहोमा सिटीजवळ टिंकर नावाचा हवाई तळ आहे. २० मार्च १९४८ च्या रात्री तिथे टोर्नेडो आला आणि विमानांचं अतोनात नुकसान झालं. असं पुन्हा होण्याआधी सांगता येईल का ते बघा, असा हुकूम फॉबुश आणि मिलर या दोन हवामान अधिकाऱ्यांना मिळाला. ते जुने नकाशे घेऊन बसले. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, समोरचा नकाशा त्या रात्रीच्या नकाशासारखा दिसू लागला. टोर्नेडोचं भाकीत त्या काळी कोणी करत नसे. लोक घाबरतील म्हणून अंदाजात तो शब्दसुद्धा टाळत. या दोघांनी ते केलं. त्याच संध्याकाळी टोर्नेडो पुन्हा त्याच तळावर आला. विमानं आधीच बांधून, आत हलवून ठेवली होती. आज माझा फोन किंचाळतो त्याचं मूळ त्या पाच दिवसांत आहे.

ते नकाशे सारखे का दिसतात, हे समजून घ्यायला मला एक वर्ष लागलं. या मैदानी प्रदेशावर तीन हवा येऊन भेटतात. आग्नेयेकडून, मेक्सिकोच्या आखातावरून येते ती दमट आणि उबदार. नैर्ऋत्येकडून, मेक्सिकोच्या पठारावरून आणि न्यू मेक्सिको, पश्चिम टेक्ससच्या ओसाड भागातून येते ती कोरडी, तापलेली. आणि वर, खूप उंचावर, पश्चिमेकडून वेगाने धावणारा वाऱ्याचा झोत. जमिनीवर दमट आणि कोरड्या हवेची जिथे गाठ पडते, त्या रेषेला इथे ड्रायलाइन म्हणतात. मी मनात तिला कोरडी रेघ म्हणते. वसंतातल्या दुपारी ती पूर्वेकडे सरकते, रात्री बहुतेक वेळा मागे फिरते. ओक्लाहोमाच्या ७७ परगण्यांपैकी प्रत्येकात निदान एक तरी हवामान केंद्र आहे. १९९४ पासून ती दर पाच मिनिटांची नोंद देतात. तो नकाशा फोनवर उघडला की रेघ सरकताना दिसते: इकडच्या गावात अंगाला चिकटणारी हवा, आणि तिथून थोड्याच मैलांवर ओठ फुटतील अशी.

रेघेच्या पूर्वेला ढग चढतात. तिथे गारा, टोर्नेडो. रेघेच्या पश्चिमेला आभाळ निळंशार, वारा तोच, ऊन तेच, आणि पायाखाली वाळलेलं गवत. तिथे वणवा.

मी वर्षभर फक्त पूर्वेकडची बाजू शिकले, आणि मला वाटतं इथे येणारे आपल्यातले बहुतेक जण तेवढंच शिकतात. टोर्नेडोची भीती पटकन बसते. मूर गावाची गोष्ट इथे प्रत्येकाच्या तोंडी आहे. ३ मे १९९९ ला तिथे एफ-५, म्हणजे ताकदीच्या सगळ्यात वरच्या पायरीचा टोर्नेडो आला, २० मे २०१३ ला पुन्हा त्याच पायरीचा (नव्या मोजणीत ईएफ-५) आला आणि २४ माणसं गेली, त्यांत एका प्राथमिक शाळेतली सात मुलं. ते ऐकल्यावर आई असलेली कुठलीही बाई खड्डा खणून घेते. इथल्या चिकणमातीत बहुतेक घरांना तळघर नसतं. राज्याकडून अशा निवाऱ्यांसाठी अनुदानाची सोडत निघते, तीत आमचं नाव आलं नाही, म्हणून पदरचे पैसे घातले. माणसं सकाळी आली, गॅरेजची फरशी करवतीने कापली, मशीनने माती काढली, पेटी उतरवून भोवती काँक्रीट ओतलं, आणि संध्याकाळी निघूनही गेली. मग गावाच्या यादीत खड्ड्याची नोंद केली, म्हणजे ढिगारा पडला तर कुठे शोधायचं हे त्यांना ठाऊक असतं.

६ मे २०२४ ला पाचवी पायरी लागली. हाय. त्या रात्री आम्ही गॅरेजात गाद्या टाकून, झाकण उघडं ठेवून बसलो होतो. आमच्याकडे काही आलं नाही. ईशान्येला बार्न्सडॉल गावातून ईएफ-४ गेला. माझी मुलगी त्या रात्री झाकणाच्या कडेवर डोकं ठेवून झोपली. तो खड्डा तिच्यासाठी सुरक्षित जागा झाला, माझ्यासाठीही झाला. धोका म्हणजे खाली जायचं, हे अंगात भिनलं.

पश्चिमेकडची बाजू मला आईने दाखवली, तीही कुठलाही नकाशा न पाहता. फेब्रुवारीत आम्ही गावाबाहेर फिरायला जायचो. मैलोन्मैल उभं वाळलेलं गवत, तांबूस सोनेरी, कमरेएवढं. मला ते सुंदर वाटायचं. आई म्हणाली, "काहून वं, हे कोणी कापत नाही? पेटलं तं?" आमच्याकडे उन्हाळ्याआधी धुरे साफ करतात. वनखातं जंगलात जाळरेषा काढतं, म्हणजे रुंद पट्टा आधीच मुद्दाम जाळून ठेवायचा, पुढे वणवा आला तर त्याला खायला काही उरू नये. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्त्याला नवी पालवी यावी म्हणून कोणी पाला पेटवतं आणि ते हाताबाहेर जातं, हे आईने लहानपणापासून पाहिलेलं. तिच्या डोळ्यांना ते गवत सोनेरी दिसलंच नाही, इंधन दिसलं.

तिच्या प्रश्नामुळे मी वाचायला लागले, आणि जे वाचलं त्याने माझी झोप उडाली. गवत हे 'एका तासाचं इंधन' आहे. म्हणजे कोरड्या वाऱ्यात भिजलेलं वाळकं गवत तासाभरात पेटण्याजोगं होऊ शकतं. सकाळी पाऊस पडून गेला म्हणून दुपारी निर्धास्त राहता येत नाही. इथला वणव्याचा हंगाम भर उन्हाळ्यात नसतो. तो फेब्रुवारी ते एप्रिल असतो, जेव्हा थंडीने मेलेलं गवत उभं असतं, हिरवं अजून फुटलेलं नसतं, आणि वारा वर्षातला सगळ्यात जोरदार असतो. २६ फेब्रुवारी २०२४ ला टेक्ससच्या उत्तर टोकाला एक जुना, कुजलेला विजेचा खांब मोडला आणि स्मोकहाउस क्रीक नावाचा वणवा सुरू झाला. तो दहा लाख एकरांहून अधिक पसरला, थेट ओक्लाहोमात शिरला. टेक्ससच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठा. हजारो गुरं मेली. त्यात सगळ्यात धडकी भरवणारी गोष्ट वाऱ्याची: आधी तो पश्चिमेकडून वाहत होता, म्हणून आग पूर्वेकडे लांबच लांब पट्ट्यासारखी धावली. मग थंड हवा आली, वारा उत्तरेचा झाला, आणि त्या पट्ट्याची अख्खी बाजूच आघाडी होऊन दक्षिणेकडे चालू लागली. त्यानंतर दोनच दिवसांनी त्या जळलेल्या जमिनीवर बर्फ पडला.

आणि इथली सीडरची झाडं. खरं तर तो ज्युनिपर, पण सगळे रेड सीडर म्हणतात. १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनंतर वारा अडवायला झाडांच्या ज्या रांगा लावल्या, त्यांत हाही होता. पूर्वी या गवताळ रानात मूळ रहिवासी जमाती ठरावीक काळाने आग लावत आणि लहान सीडर त्यात मरून जात. आग थांबली आणि सीडर पसरला. त्याच्या पाल्यात तेल असतं. पेटला की मशालीसारखा उभाच्या उभा जळतो आणि निखारे दूरवर फेकतो. आमच्या मागच्या कुंपणालगत असे सहा होते. आडोसा छान मिळतो म्हणून घर घेताना मला त्यांचंच कौतुक वाटलं होतं.

एवढं वाचून मी काय केलं? काहीच नाही. पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं.

१४ मार्चचा नकाशा दोन-तीन दिवस आधीपासून वाईट दिसत होता. वादळांचा नकाशा मी पाहिला: धोका पूर्वेला, मिझुरीकडे. आमचा भाग जवळजवळ कोरा. मला हायसं वाटलं, आणि ही माझी खरी चूक. त्याच केंद्राचा दुसरा नकाशा असतो, वणव्याच्या हवामानाचा. त्याच्या पायऱ्या वेगळ्या: एलिव्हेटेड, क्रिटिकल आणि सगळ्यात वर एक्स्ट्रीमली क्रिटिकल. शुक्रवारी सकाळी तो उघडला तर ओक्लाहोमाचा मोठा भाग गडद जांभळ्या-गुलाबी रंगात होता. कोरडी रेघ रात्रीतून आम्हाला ओलांडून खूप पुढे पूर्वेला निघाली होती. आम्ही तिच्या कोरड्या बाजूला होतो.

दहाच्या सुमारास वारा सुटला. एकपर्यंत आभाळाचा निळा रंग गेला आणि पश्चिमेची धूळ येऊन सगळं पिवळट झालं. शेजाऱ्यांच्या लाकडी कुंपणाची एक फळी आमच्या अंगणातून उडत गेली. आई खिडकीशी उभी राहून म्हणाली, "हे वारं तं थांबूनच नाही रायलं." त्या दिवशी राज्यात झोत ताशी ७० मैलांच्या वर गेले. वीज येत-जात होती, शेवटी गेलीच. मुलगी शाळेतून आली होती, नवरा विद्यापीठात होता. साडेचारनंतर नैर्ऋत्येला धूर दिसला. पांढरा नव्हता, तपकिरी आणि जाड होता, आणि वर चढायच्या ऐवजी जमिनीला चिकटून धावत होता. मी वरच्या खोलीत कागद गोळा करत असताना फोन किंचाळला. घर सोडा, असा संदेश होता.

खाली आले तर आई दिसेना. मुलगीही नाही. गॅरेजात गेले. अंधारात बॅटरीचा उजेड खड्ड्यातून वर येत होता. दोघी आत बसल्या होत्या. आईच्या मांडीवर पिशवी, पायात चप्पल, एक हात नातीभोवती. झाकण अर्धं ओढलेलं.

"आई, वर ये. आज खाली नाही जायचं. बाहेर निघायचं."

तिला कळेना. "तूच तं सांगितलं," ती म्हणाली. मी फक्त म्हणाले, "आग आहे, आई."

एका क्षणात तिचा चेहरा बदलला. तिने आधी नातीला वर ढकललं, मग स्वतः चढली. त्या वेळी तिचे गुडघे कुठे गेले होते देव जाणे. टोर्नेडोत जमिनीखाली जीव वाचतो, कारण तो दोन-चार मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. घर पेटलं तर तोच खड्डा धुराने भरतो, वर जळतं घर आणि झाकणावर निखारे. मी तिला शिटी दिली होती, आणि हे सांगितलं नव्हतं.

आता गाडी काढायची तर गॅरेजचं दार उघडेना, कारण वीज नाही. त्या मोटरला एक लाल दोरी लोंबत असते, ती ओढली की दार मोटरपासून सुटतं आणि हाताने उचलता येतं. तीन वर्षं ती दोरी डोक्यावर होती आणि मी एकदाही ओढून पाहिली नव्हती. ज्यांच्या घरी असं दार आहे त्यांनी आजच ओढून बघा. माझे हात कापत होते, मुलीने उडी मारून ती पकडली. मग दोघींनी मिळून दार उचललं. आईने गॅस बंद केला, खिडक्या लावल्या आणि देवघरातला बाळकृष्ण पदरात घेऊन आली.

रस्त्यावर पोलीस होते, सिग्नल बंद, पाचचा सुमार आणि सगळ्यांच्या गाड्यांचे दिवे लागलेले. धूर आमच्या मागून येऊन पुढे पळत होता. मी पुढच्या गाडीमागे सरळ जात होते. मागच्या सीटवरून आईचा आवाज आला, "धुराच्या पुढे पुढे नको पळू. आडवी चाल." आग वाऱ्याच्या दिशेने धावते, तिच्यापुढे धावलं की ती गाठते. वाऱ्याला आडवं गेलं की तिच्या वाटेतून बाहेर पडता येतं. मी वळले, पोलिसांनी दाखवलेला रस्ताही तिकडचाच होता. नवरा विद्यापीठातून परस्पर निघाला आणि गावाच्या पूर्व टोकाला एका मैत्रिणीच्या घरी आम्ही भेटलो. आईला पाहताच तो काही न बोलता तिच्या पाया पडला.

रात्री सेंट लुइसहून माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन आला. तिचा आवाज दबका होता. "आम्ही तळघरात आहोत गं. टोर्नेडोची वॉर्निंग आहे, मुलांना घेऊन खाली बसलोय. तुम्ही खाली आहात ना?"

मी म्हणाले, "आम्ही बाहेर आहोत."

ती रेघेच्या त्या बाजूला होती, मी या बाजूला. वारा एकाच वादळाचा. त्याच दिवशी कॅन्ससमध्ये त्याच वाऱ्याने उठवलेल्या धुळीत महामार्गावर गाड्यांवर गाड्या आदळून आठ माणसं गेली. रात्री मिझुरीत, दुसऱ्या दिवशी मिसिसिपी आणि अलाबामात टोर्नेडो झाले. या एका वादळाने तीन दिवसांत चाळीसहून अधिक माणसं नेली, कोणी आगीत, कोणी धुळीत, कोणी टोर्नेडोत. ओक्लाहोमात त्या शुक्रवारी १३० हून जास्त आगी लागल्या, सुमारे १ लाख ७० हजार एकर जळालं, चारशेहून अधिक घरं गेली किंवा मोडली. इतक्या वाऱ्यात विमानातून पाणी टाकणं शक्य नव्हतं. अग्निशमन दलाची माणसं घरामागून घर धरून लढली, आणि त्यातल्या कित्येकांची स्वतःची घरं त्याच वेळी धोक्यात होती.

आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी परत जाऊ दिलं. आमचं घर उभं होतं. दोन गल्ल्या पलीकडे नव्हतं. सलग ओळ जळाली असती तर ते डोळ्यांना समजलं असतं. पण एक घर पायापर्यंत गेलेलं, त्याला लागून असलेल्या घराच्या दारातला प्लास्टिकचा घसरगुंडीचा खेळ तसाच्या तसा. पाहणीला आलेल्या एका कर्मचाऱ्याला मी विचारलं, असं कसं? त्याने पन्हळीतली सुकी पानं दाखवली, भिंतीलगत पसरलेला लाकडाचा भुसा दाखवला, लाकडी कुंपण दाखवलं जे जळत जळत थेट घराच्या भिंतीपर्यंत पोचलं होतं, वातीसारखं. बऱ्याच घरांपर्यंत ज्वाळा पोचल्याच नव्हत्या. निखारे उडून आले आणि त्यांना जिथे खायला मिळालं तिथे बसले. घराच्या भिंतीपासून पाच फुटांत पेटेल असं काहीही ठेवू नका, तो म्हणाला. मग आमच्या सहा सीडरांकडे बघून म्हणाला, हे आधी काढा.

ते सहा आम्ही त्याच आठवड्यात काढले. भिंतीलगत आता खडी आहे. कुंपणाचा घराला टेकणारा शेवटचा भाग लोखंडी जाळीचा केला. आई जूनमध्ये परत गेली. जाण्याआधी तिने मुलीकडून गॅरेजच्या दारावर दोन कागद लिहून लावून घेतले. एकावर निळ्या अक्षरांत 'वादळ: खाली', दुसऱ्यावर लाल अक्षरांत 'आग: बाहेर, वाऱ्याला आडवं'. खाली तिने स्वतः लाल दोरीचं चित्र काढलं.

पुढच्या वसंतात मी आणखी एक वर्ग केला. इथे शेतकरी आणि शेजारी मिळून ठरवून आग लावतात, एकमेकांच्या जमिनीवर, एकमेकांची पंप-टाकी आणि माणसं घेऊन. गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या गुरंवाल्याने मला सोबत घेतलं. अग्निशमन दलाला आधी कळवलेलं. वारा ताशी आठ-दहा मैल, हवेत पुरेसा ओलावा. आधी वारा जिकडे वाहतो त्या टोकाला पेटवायचं. ती आग वाऱ्याविरुद्ध मागे मागे, सावकाश सरकते आणि काळा पट्टा तयार करते. तो रुंद झाला की बाजू पेटवायच्या, आणि सगळ्यात शेवटी वारा जिकडून येतो ते टोक, जे धावत येतं आणि काळ्या पट्ट्याशी येऊन विझतं. एक पाय कायम जळलेल्या जमिनीवर ठेव, तो मला सारखं सांगत होता. जे एकदा जळलंय ते पुन्हा जळत नाही.

मी तेल ठिबकवणारी मशाल हातात घेतली तेव्हा मुलीने यवतमाळला व्हिडिओ कॉल लावला होता. तिकडे रात्र होती. आई पलंगावर उठून बसली, चष्मा लावला.

"थांब," ती म्हणाली. "पहिले सांग, वारा कुठून ये?"

मी मुलीला फोन धुराकडे वळवायला सांगितलं.